अक्षय तृतीय पर्व

अक्षय्य तृतीयेला जे कराल ते अक्षय होतं, असं आई सांगत आली आहे. म्हणून शहाणी माणसं त्या दिवशी गुंजभर का होईना, सोनं घेतात. आम्ही २२ एप्रिल २०२३ च्या अक्षय्य तृतीयेला, भर मुहूर्तावर, एक वाद काढला. तो अजून चालू आहे. वाढतोच आहे.

वाद जमिनीचा नव्हता, पार्किंगचा नव्हता, सोसायटीच्या गच्चीच्या किल्लीचासुद्धा नव्हता. ‘स्टार ट्रेक : पिकार्ड’ या मालिकेचं तिसरं पर्व चांगलं की वाईट, एवढाच प्रश्न होता. आदल्याच दिवशी, शुक्रवारी, त्याचा दहावा आणि शेवटचा भाग आपल्याकडे दिसला होता आणि पन्नाशी ओलांडलेल्या आम्हा पाच पुरुषांना रात्रभर झोप नव्हती. मी बायकोला म्हणालो, "उद्या तिघांना आमरस-पुरीला बोलावतो. जेवता जेवता अर्धा तास बोलू आणि विषय संपवू."

"अर्धा तास तुम्हा लोकांना चपला काढायला लागतो," ती म्हणाली आणि तिनं परातीत आणखी दोन वाट्या कणीक ओतली.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही, आणि त्यामुळे ज्यांचा संसार सुखाचा चालला आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मूळ ‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं चालली. आमच्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. वाड्यात टीव्ही एक. तो खालच्या काकूंकडे. त्यांच्या सतरंजीवर मांडी घालून आम्ही टोकदार कानांचा स्पॉक पाहिला आणि सोमवारी शाळेत एक भुवई वर करायचा सराव करताना मार खाल्ला. मग १९८७ ते १९९४ या काळात दुसरी पिढी आली : टकलू कप्तान पिकार्ड, दाढीवाला रायकर, कपाळावर सह्याद्रीची रांग असलेला वर्फ, पांढराफटक यंत्रमानव डेटा, डोळ्यांवर चकचकीत पट्टी बांधणारा जॉर्डी, डॉक्टर बेव्हर्ली आणि समोरच्याच्या मनातलं ओळखणारी डियाना. ही पिढी आम्ही इंजिनीअरिंगची वर्षं बुडवून केबलवर पाहिली. पुढे आमचे केस गेले, त्यांचेही गेले. पिकार्डचे आधीच गेलेले होते, त्यामुळे त्याच्यात आणि आमच्यात एक सलोखा निर्माण झाला.

२०२० साली पिकार्ड ‘पिकार्ड’ या नावाच्या नव्या मालिकेत परत आला. पण पहिल्या दोन पर्वांत जुनी मंडळी पाहुण्यासारखी डोकावली तर डोकावली. आम्ही भडकलो. "जुनी माणसं आणा!" ही आमची तीन वर्षांची मागणी. निर्मात्यांनी तिसऱ्या पर्वात सातही जणांना आणून उभं केलं. झालं! आता आमच्यातले निम्मे म्हणायला लागले, "नवीन काही सुचत नाही, म्हणून जुनीच माणसं आणून बसवतात!"

या ‘निम्मे’चा हिशेब सोपा नाही, कारण आम्ही पाच आहोत. त्यामुळे एक जण दर आठवड्याला पक्ष बदलायचा. तो मी.

बाकीच्यांची ओळख करून देतो. नावं सांगत नाही, त्यांना मुलांची लग्नं जमवायची आहेत. पहिला वायरमन. हॉस्टेलवर फ्यूज बांधता बांधता पडलेलं नाव, नंतर त्यानं तीस वर्षं विजेच्या कामांचे ठेके घेऊन ते सार्थ केलं. दुसरा शास्त्रीबुवा. याला दुसऱ्या पिढीच्या एकशे अठ्ठ्याहत्तर भागांचा पाठ मुखोद्गत. मालिकेतली कोणतीही गोष्ट आधीच्या मालिकांच्या धर्मशास्त्रात बसते की नाही, हे हाच ठरवतो आणि सहसा ती बसत नाही. तिसरा निष्ठावंत. जुन्या जहाजाचा कोपरा दिसला तरी याच्या डोळ्यांना धार लागते. पक्षात सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते असतात ना, तसा हा. त्याला काहीही दाखवा, तो म्हणणार, "वा!" चौथा न्यू जर्सीकर. हा एडिसनला राहतो आणि वादाला फोनवरून हजर असतो.

न्यू जर्सीकराचा उपद्रव निराळाच. तिकडे नवा भाग गुरुवारी यायचा, आपल्याकडे शुक्रवारी. हा गुरुवारी रात्रीच फोन करायचा. "तुमच्याकडे अजून आलं नाही? मग मी काही सांगत नाही. फक्त रुमाल जवळ ठेवा." नवव्या भागाच्या आदल्या रात्री म्हणाला, "मी शॉबद्दल एक अक्षर बोलणार नाही."

आम्ही ओळखलं, शॉ गेला.

शॉ म्हणजे या पर्वातला नवीन कप्तान. पिकार्ड आणि रायकर हे दोन थोर पुरुष त्याच्या जहाजावर जेवायला येतात, तर हा पठ्ठ्या त्यांच्या आधीच जेवायला बसलेला. उठत नाही, सॉरी नाही, वर दोघांच्या पराक्रमांबद्दल टोमणे. त्याचं आजोळ सदाशिव पेठेत असणार, याबद्दल आम्हा पाचांचं एकमत झालं. दहा आठवड्यांतलं आमचं हे एकमेव एकमत आणि तोच माणूस त्यांनी मारला.

आता अंधाराबद्दल. या पर्वात अंधार फार, अशी जगभरातल्या भक्तांची तक्रार होती. पण वायरमनची ती तक्रार नव्हती, व्रत होतं. पंचविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची माणसं, प्रकाशापेक्षा वेगानं जाणारी जहाजं, आणि कप्तानाच्या खुर्चीवर साधा चाळीसचा बल्ब नाही! "लोड किती असेल रे यांचा?" तो विचारायचा. "इंजिनात प्रतिद्रव्य जाळतात आणि ट्यूबलाइटला काटकसर!"

"ते सिनेमॅटिक आहे," न्यू जर्सीकर म्हणायचा. "तुम्हाला इंडियात झगझगाटाची सवय. आमच्याकडे अंधाराला एक भाषा असते."

निष्ठावंतानं एकदा भाबडेपणानं विचारलं, "पण या पर्वानं काय दिवे लावले, हे तरी मान्य कराल की नाही?"

"दिवेच तर लावले नाहीत!" वायरमन किंचाळला.

तिसऱ्या भागाला आम्ही माझ्या हॉलमध्ये एकत्र बसलो. चेहरे दिसावेत म्हणून हॉलचे दिवे बंद केले. तरी दिसेना, म्हणून स्वयंपाकघराचा. मग देवघराचा, आईची परवानगी काढून. मग खिडक्यांना चादरी लावल्या. पडद्यावर जहाज तेजोमेघात लपलेलं, आणि इकडे शास्त्रीबुवा चिवड्याच्या डब्यात हात घालायला गेला तो वायरमनच्या चष्म्याच्या घरात. तेवढ्यात बेल वाजली. शेजारचे काका मेणबत्ती घेऊन उभे. "तुमच्याकडेही गेली का हो? आमच्याकडे आहे, म्हणून विचारलं." त्यांच्या मागून सोसायटीचा वॉचमन फेज बदलून पाहायला आलेला. या गोंधळात पिकार्डनं काहीतरी फार महत्त्वाचं ऐकलं. काय ऐकलं, ते आम्ही पुन्हा मागे नेऊन पाहिलं, पण तोपर्यंत वॉचमनही खाली बसला होता आणि त्याला पहिल्यापासून गोष्ट सांगावी लागली.

मात्र या पर्वाची खरी समीक्षा केली ती माझ्या आईनं.

आई एक्याऐंशीची. पिकार्डचं काम करणारा पॅट्रिक स्टुअर्ट तेव्हा ब्याऐंशीचा. पहिल्या भागाला ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "हे आजोबा अजून नोकरीत?"

"निवृत्त आहेत गं. पण जुन्या मैत्रिणीचा निरोप आला, म्हणून निघालेत."

"या वयात?"

तिची मालिका साडेआठला असते. तिच्याकडे मी वर्षानुवर्षं जाता-येता हसत आलो आहे. मेलेला परत येतो काय, चेहरा बदलतो काय! तिनं ते सगळं साठवून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

"ही मुलगा लपवून बसली होती?" तिनं बेव्हर्लीकडे बोट दाखवलं.

"हो. वीसेक वर्षं. पिकार्डला पत्ताच नव्हता."

"अस्सं." थोड्या वेळानं, "हा मुलगा विशीतला?"

"जॅक. हो."

"याचे डोळे बघ. पस्तिशीला टेकलाय हा." आणि खरोखरच तो नट पस्तिशीला टेकलेला होता. आईच्या मालिकेत कॉलेजात जाणारी मुलगी मला थोराड वाटली होती, तेव्हा मी दोन दिवस चेष्टा केली होती. आई फक्त माझ्याकडे पाहून हसली.

मग रूप बदलणारे शत्रू आले. घरातल्याच माणसाचं रूप घेऊन घरात शिरलेले. "हे आमच्याकडे झालंय," आई म्हणाली. "मोठ्या सुनेचं." मग डेटा दिसला.

"हा यंत्राचा माणूस तर मेला म्हणाला होतास."

"मेला होता."

"कधी?"

"२००२च्या सिनेमात. आणि मग २०२० मध्ये पुन्हा."

"दोनदा!" आईनं वातीचा कापूस खाली ठेवला. "आमचा मोठा दीर एकदाच मेला होता. एकदाच परत आला. तर तू आठवडाभर ऑफिसात सांगत होतास."

"आई, इथे विज्ञान आहे. त्याच्या स्मृती एका कृत्रिम शरीरात—"

"आमचा दीर दरीत पडला, म्हणून स्मृती गेली होती. तेही वैद्यकीयच."

मी निरुत्तर झालो. तेव्हापासून मी साडेआठला जाता-येता हसत नाही. शेजारी बसतो. मोठा दीर आता पुन्हा बेपत्ता आहे आणि मला काळजी लागून राहिली आहे.

आईनं वर्मावर बोट ठेवलं म्हणावं, तर पुढचं बोट लेकीनं ठेवलं. नववा भाग आला. यात शत्रूचा डाव उघडा पडतो. माणसांना इकडून तिकडे क्षणात पोचवणारं जे यंत्र असतं, त्यातून गुपचूप एक बिघाड सगळ्यांच्या शरीरात सोडलेला. पण तो लागू पडतो फक्त पंचविशीच्या आतल्यांना, कारण त्यांच्या मेंदूची वाढ पुरी झालेली नसते. ताफ्यातली झाडून सगळी तरुण मुलं एका क्षणात शत्रूची होतात, एका सुरात बोलू लागतात. नवी जहाजं एकमेकांना जोडलेली, म्हणून तीही शत्रूची. वाचतात कोण? म्हातारे. कशामुळे? जॉर्डीनं वीस वर्षं संग्रहालयात खपून दुरुस्त केलेलं त्यांचं जुनं जहाज ‘एन्टरप्राइझ’ कशालाच जोडलेलं नसतं, म्हणून!

आम्ही चौघं उभं राहून टाळ्या वाजवत होतो. शास्त्रीबुवासुद्धा. धर्मशास्त्र गेलं खड्ड्यात.

लेक तेवीस वर्षांची. ती दारात उभी राहून पाहत होती. "बाबा," ती म्हणाली, "म्हणजे तरुण पिढी बिघडलेली, कारण ती सारखी कनेक्टेड असते. आणि जुनी गाडी बरी, कारण तिला वायफाय नाही. बरोबर?"

"ढोबळमानानं."

"ही सायन्स फिक्शन नाही बाबा. हा सकाळी साडेसहाला येणारा तुमच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड आहे."

यावर उत्तर द्यायला वायरमन जागेवर नव्हता. तो भाग संपताक्षणी खाली पार्किंगमध्ये गेला होता. त्याची एक जुनी स्कूटर आमच्या सोसायटीत, बायकोपासून लांब, बरीच वर्षं कापडाखाली उभी आहे. "एका किकमध्ये सुरू होईल," असं तो दर दिवाळीला म्हणतो. जॉर्डीला जमतं, मग त्याला का नाही? आम्ही गॅलरीतून मोजत होतो. त्रेचाळिसाव्या किकला आवाज आला, पण तो गुडघ्याचा होता.

हा गुडघा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

तर, अक्षय्य तृतीया. सव्वाबाराला पानं वाढली. न्यू जर्सीकराचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून पंगतीत बसवला होता. तिकडे रात्रीचे पावणेतीन. बायको जागी होऊ नये, म्हणून तो पांघरुणाच्या आतून कुजबुजत होता, त्यामुळे त्याचं प्रत्येक मत कटकारस्थानासारखं ऐकू यायचं.

पहिली ठिणगी पडली गालिच्यावरून. जुन्या जहाजाचा नियंत्रणकक्ष या पर्वासाठी नव्यानं बांधून काढला होता. खुर्च्या, पडदा, लाकडी कमान, सगळं होतं तसं. इतक्या वर्षांनी तिथं पाऊल ठेवल्यावर पिकार्ड आठवण काढतो ती गालिच्याची. निष्ठावंत हे सांगतानाच गहिवरला. "नवीन जहाजांत गालिचा नसतो रे. सगळी फरशी. माणसाच्या पायाला काही मऊ लागायला नको?"

"गालिचा बदामी होता," मी म्हणालो.

"राखाडी," शास्त्रीबुवा.

"त्या अंधारात तुम्हाला रंग दिसला, हीच मोठी गोष्ट," वायरमन.

"जुन्या जहाजावर अंधार नव्हता!" निष्ठावंत ओरडला. "म्हणून तर सगळे रडले! दिवे होते तिथे!"

क्षणभर शांतता पसरली. वायरमनच्या हातातली पुरी तशीच राहिली. त्याला दहा आठवडे जे म्हणायचं होतं ते विरुद्ध पक्षानं म्हटलं होतं आणि आता वाद कसा चालू ठेवावा, हे त्याला कळेना. फोनमधून कुजबुज आली, "अंधाराला एक भाषा असते…" वायरमनला पुन्हा हुरूप आला.

शास्त्रीबुवानं मग इतिहास काढला. आमरसाची वाटी रिकामी झाली की त्याला इतिहास सुचतो. म्हणाला, "तिसऱ्या पर्वाचं दुःख हे या संप्रदायात मूळपुरुषापासून आहे." आणि ते खरं आहे. १९६८ साली मूळ मालिका दुसऱ्या पर्वानंतर बंद पडणार, अशी हवा होती. भक्तांनी वाहिनीला पत्रांचा पाऊस पाडला. वाहिनी इतकी टेकीला आली, की मालिका चालू राहणार असल्याचं तिनं भर कार्यक्रमात जाहीर केलं. भक्त जिंकले. मग सप्टेंबरमध्ये तिसरं पर्व सुरू झालं, तेही शुक्रवारी रात्री दहाला, म्हणजे ज्यांनी पत्रं लिहिली ती पोरं बाहेर उंडारायला गेल्यावर. आणि पहिलाच भाग असा, की परग्रहावरची एक बाई येऊन स्पॉकचा मेंदू काढून घेऊन जाते. नुसता मेंदू. बाकीचा स्पॉक मागे. पुढचा सगळा भाग कप्तान तो मेंदू शोधत हिंडतो, सोबत बिनमेंदूचा स्पॉक चालतोय.

"आणि भक्त काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणणार? ‘यासाठी पत्रं लिहिली होती का आम्ही?’"

"१९७६ सालचं सांग," निष्ठावंत म्हणाला. त्याला विजयाच्या कथा आवडतात. त्या वर्षी अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला ‘कॉन्स्टिट्यूशन’ असं सभ्य नाव द्यायचं ठरलं होतं. भक्तांनी पुन्हा पत्रं लिहिली, थेट राष्ट्राध्यक्षांना. नाव बदलून ‘एन्टरप्राइझ’ झालं. यान बाहेर काढलं, तेव्हा मालिकेतली नटमंडळी समोर उभी होती.

"मग?"

"मग ते यान चाचण्यांसाठी ठेवलं. अंतराळात कधी गेलंच नाही."

बायको पुऱ्या घेऊन आली होती. तिनं एवढंच ऐकलं. "म्हणजे नाव ठेवण्यापलीकडे तुम्हा लोकांचा काही उपयोग नाही," ती म्हणाली आणि प्रत्येकाच्या पानात दोन-दोन पुऱ्या टाकून गेली. हिचे असले दुहेरी अर्थ जाणूनबुजून असतात की आपोआप निघतात, हे मला सत्तावीस वर्षांत कळलेलं नाही.

इथे कोणीतरी आपल्या लोकांचा विषय काढला. तो निघतोच. १९७९च्या पहिल्या सिनेमात पूर्ण मुंडण केलेली आपली मुंबईची पर्सिस खंबाटा होती, हे मी अभिमानानं सांगितलं. सत्तावीस वर्षांपूर्वी ते लग्न ठरवताना सासऱ्यांनाही सांगितलं होतं. त्यांनी विषय बदलला होता. शास्त्रीबुवानं मग मूळ मालिकेतला खलनायक काढला, ज्याचं नाव खानही आहे आणि सिंगही आहे, जो उत्तर भारतातला म्हणून सांगितला आहे आणि ज्याचं काम मेक्सिकोत जन्मलेल्या नटानं केलं आहे. "त्या वेळी तुम्ही धर्मशास्त्र का नाही काढलंत?" वायरमननं विचारलं. शास्त्रीबुवा म्हणाला, "मी तेव्हा जन्मलो नव्हतो." दहा आठवड्यांत त्यानं मान्य केलेली ही पहिली उणीव.

आता खुर्ची. जाणकारांना ठाऊक आहे, की रायकर खुर्चीत बसतो तेव्हा समोरून येऊन बसत नाही. तो मागून येतो, पाठीच्या वरून तंगडी टाकतो आणि घोड्यावर बसावं तसा बसतो. तिसऱ्या पर्वातला रायकर तसा बसला की नाही, किती वेळा बसला, बसायला हवा होता का, हा वाद पेटला. निष्ठावंत उठला. "अरे, सत्तरीला आलेल्या माणसानं अजून तशी तंगडी टाकावी, असं म्हणणंच निर्दयपणाचं आहे. पण अशक्य नाही. बघ."

आमच्या जेवणाच्या खुर्च्यांची पाठ उंच आहे. जहाजावर ती बुटकी असते. हे निष्ठावंताच्या लक्षात आलं, तेव्हा त्याचा एक पाय अलीकडे होता आणि दुसरा पलीकडे. पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. खुर्ची हळूहळू कलली, अगदी अवकाशातल्या गतीनं, कोणालाही काही करायला पुरेसा वेळ देत. आम्ही कोणी काही केलं नाही. खुर्चीचा पाय गेला, निष्ठावंत टेबलावर आला आणि आमरसाचं पातेलं तांब्यावर, म्हणजे न्यू जर्सीकरावर उपडं झालं.

"ओहोहो!" पांघरुणातून आवाज आला. "काय तेजोमेघ आहे! असा पाहिजे होता या पर्वात!"

निष्ठावंताला काही झालं नाही. खुर्ची गेली. उरलेल्या खुर्च्यांवर बायकोनं संचारबंदी लावली, टेबल पुसायला घेतलं आणि आम्हाला हॉलमध्ये हाकललं. आईनं माळ्यावरून सतरंजी काढायला लावली. जुनी, लाल-निळ्या पट्ट्यांची, वाड्यातली. काकूंचं सामान वाटलं गेलं, तेव्हा ती आमच्या वाट्याला आली होती. आम्ही तिच्यावर मांड्या घातल्या. कोणी काही बोललं नाही. निष्ठावंतानं तळहात तिच्यावरून एकदा फिरवला, पण वायरमन पाहतोय म्हटल्यावर मुंगी झटकल्यासारखं केलं.

मालिकेचा शेवट पत्त्यांवर होतो. सातही म्हातारे गोल बसून पोकर खेळतात, १९९४ साली खेळले होते तसेच. तो शेवट उत्तम की स्वस्तातला, यावर बोलता बोलता आम्हीही पत्ते काढले. पोकर आम्हाला येत नाही. मेंढीकोट मांडला. पाचवा भिडू फोन. त्याची पानं लेकीनं त्याला दाखवायची आणि त्यानं पांघरुणातून सांगायचं, असं ठरलं. पण आमरसामुळे त्याला सगळी पानं चौकटची दिसत होती. शेवटी फोन सतरंजीवर आडवा ठेवून दिला. तो तिथून डेटाच्या दुसऱ्या मरणावर बोलत राहिला.

चार वाजता चहाची हाक आली. आणि असं लक्षात आलं, की कोणालाच उठता येत नाही.

वायरमनचा गुडघा किकमुळे आधीच गेलेला. निष्ठावंताची तंगडी रायकरमुळे. शास्त्रीबुवाची मांडी सुटेना. माझ्या दोन्ही पायांना मुंग्या. मी वायरमनचा खांदा धरून उठायला गेलो, तसा तो माझ्यासकट पुन्हा खाली गेला. आई सोफ्यावरून बघत होती. ती एक्याऐंशीची, पण सोफ्यावर.

"अगं," तिनं आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली, "कोणीतरी पंचविशीच्या आतलं आहे का घरात?"

लेक कानातले काढून बाहेर आली. सतरंजीवर लोळत पडलेल्या चौघा पितरांकडे तिनं पाहिलं. काही बोलली नाही, हे तिचे उपकार. एकेकाला काखेत हात घालून तिनं उभं केलं, भिंतीला टेकवलं, शास्त्रीबुवाची मांडी सोडवली. मग सतरंजीच्या दोन टोकांकडे पाहून म्हणाली, "बाबा, ही उचलणार कोण?"

निष्ठावंत सवयीनं पुढे झाला आणि तिथंच कळवळला. शेवटी तिनंच ती गुंडाळली आणि स्टुलावर चढून माळ्यावर टाकली.

चहा झाला. दुसऱ्या पर्वात दम नव्हता, यावर एकमत होता होता राहिलं. तेवढ्यात बायकोनं विचारलं, "अहो, ते फोनवाले भावोजी जेवले का?"

आम्ही टेबलावर पाहिलं, तांब्यामागे पाहिलं, खुर्चीच्या अवशेषांत पाहिलं. फोन कुठेच नव्हता. मग वरून, माळ्याच्या फळकुटामागून, जुन्या सतरंजीच्या पोटातून, अगदी बारीक आवाज ऐकू आला. एडिसनला तोपर्यंत पहाट झालेली असावी, कारण तो आता कुजबुजत नव्हता.

"अरे, कुठे गेलात सगळे? काही दिसत नाहीये रे! किती तो अंधार! दिवे लावा ना कोणीतरी!"

वायरमननं कपबशी खाली ठेवली आणि एका पायावर उभा राहून टाळी मागितली.